साक्रे म्हणजे शिकरा

धर्मापुरी, ९ दै १३१८ फसली

आजपासून रोजनिशी, तारखा निजामसरकारच्या फसली महिन्यांच्या. नियम असे: पहाटे उठणे. तंबाखू बंद. फ्रेंचचे रोज पन्नास शब्द.

मोमिनाबादच्या छावणीतलं गोऱ्या साहेबांचं सामान लिलावात निघालं तेव्हा ही फ्रेंच-इंग्रजी डिक्शनरी मिळाली. तिच्यासोबत एक मोडकी खुर्चीही घ्यावी लागली. खुर्चीचा उपयोग आमच्या बायकोने, मंजुळाबाईने, त्याच दिवशी शोधून काढला, सांडगे वाळवायला. डिक्शनरीचा आता मी काढणार. उभ्या जागिरीत फ्रेंच जाणणारा एक माणूस नाही. एक तरी असावा.

शिकवायला कोणी नाही, पण अडत नाही. फ्रेंच जशी लिहितात तशीच वाचायची, हे माझं मीच ताडलं. पक्षी म्हणजे ओइसीऊ. मोठ्याने घोकलं. मंजुळाबाईने आतून विचारलं, "कुनाला हाका मारायलात?"

गावात माझं फ्रेंच तपासणारं कोणी नाही, त्यामुळे चुका होत नाहीत. हा मोठाच फायदा.

११ दै

उठलो तेव्हा ऊन अंगणात. तंबाखू एक चिमूट, दाढेसाठी. शब्द सात, पैकी दोन इंग्रजीतही तसेच आहेत. उद्या भरून काढू.

१५ दै

मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

जागीरदारसाहेब दौऱ्यावर आले. ओढ्यापलीकडच्या आमराईत डेरे पडले. आमची शाळा जागिरीची, म्हणून दोघेही मास्तर सलामाला गेलो. मराठीला मी, उर्दूला मौलवी बदरोद्दीन. मौलवी माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. शेजारीच राहतात. माणूस चांगला, फक्त स्वतःची पोझिशन वाढवण्याची हौस नाही.

साहेबांच्या हातावर चामड्याचा मोजा आणि त्यावर मोठा शिकारी पक्षी, डोळ्यांवर टोपडं. साहेब म्हणाले, "चरग है. काबूलसे मंगवाया."

मग ते मौलवींशीच बोलत बसले. छोट्या साहेबजाद्यांचं बिस्मिल्ला करायचंय. मूल चार वर्षांचं झालं की चार लोकांसमोर त्याला पहिलं अक्षर शिकवतात, तो हा समारंभ. शिकवणाऱ्याचा मोठा मान. साहेबांनी तो मान मौलवींना दिला. मौलवींचे डोळे भरून आले. त्यांनी खाली वाकून जमिनीलाच हात लावला.

मला कोणी काही विचारलं नाही. मी तिथे उभा आहे हे फक्त त्या पक्ष्याला ठाऊक नव्हतं असं नाही, कोणालाच नव्हतं.

चरग म्हणजे मोठा ससाणा, आणि त्याचं फ्रेंच नाव डिक्शनरीत कालच पाहिलं होतं. तेव्हा मी बोललो. म्हणालो, "हुजूर, फ्रान्स देशात या पक्ष्याला साक्रे म्हणतात."

साहेबांनी विचारलं, फ्रेंच येतं? म्हणालो, कामापुरतं. आणि मग तोंडातून आपोआप पुढचं गेलं, की हा शब्द मूळ आपलाच. साक्रे म्हणजे शिकरा. निजामसरकारच्या फौजेत पूर्वी फ्रेंच सरदार होते, त्यांनी इथे शिकरा पाहिला आणि शब्द मायदेशी नेला. हे मला माहीत आहे हे मलासुद्धा बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

साहेब इतके खूष झाले की पक्षी दचकला. हुकूम झाला: पुढल्या महिन्यात बिस्मिल्लाच्या आदल्या दिवशी गढीवर हैदराबादचे पाहुणे येतील, त्यांच्यासमोर मास्तरांनी या विषयावर तकरीर, म्हणजे भाषण, करावी.

घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते.

१६ दै

शाळेतून परत येताना मौलवी म्हणाले, "मास्टरसाब, बुरा मानू नका. ते सक्र हाय. अरबी लफ्ज. साद, क़ाफ, रे. ससाण्याला अरब लोक सक्रच म्हणतात. अरब उंदलुसपर्यंत, म्हंजी पार स्पेनपर्यंत गेले, मुलूख जिंकले, पक्षी घेऊन गेले. तिथून तुमच्या फ्रेंच लोकान्ला मिळाला असंल."

मी म्हणालो, तुम्ही अरबीचे उस्ताद, तुम्हाला सगळं अरबीच दिसणार.

ते हसले. म्हणाले, "अन् शिकरा मराठी न्हाई. फारसी. शिकारवरून."

म्हणजे हातचा शिकराही गेला. याचा विचार नंतर करू.

घरी मंजुळाबाईला सगळं सांगितलं, मौलवींचा हेका कसा आहे ते. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पर ते खरं असंल तर?"

खरं असणं वेगळं आणि तकरीर वेगळी. तिला ते कळणार नाही.

२३ दै

सक्र, साक्रे. सक्र, साक्रे. दिवसभर कानात तेच. शिकरा, साक्रे असं म्हणायला जावं तर जीभ अडखळते. मौलवींनी नसता घोळ केला.

आता विषय बदलणंही शक्य नाही. पाटलाला सांगून झालंय. दुकानदार राधाकिशनला सांगून झालंय. त्याने मला काल गुळाचा खडा दिला आणि म्हणाला, "आपल्या गावचं नाव काढा मास्तर."

२८ दै

पुरावे वाढवले. डिक्शनरीत इतर शिकारी पक्षीही सापडले. गिधाडाला वाउटोउर. हे तर उघड उघड वावटळ. गिधाडं वावटळीसारखीच फिरतात. दुसऱ्या एकाला बुसे. म्हणजे बसे. फांदीवर बसे तो बुसे. एटिमॉलॉजी इतकी सोपी असते हे कॉलेजातल्या लोकांनी आजवर लपवून ठेवलं.

मंजुळाबाईसमोर पहिली तालीम. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "शिकरा येवढासा ऱ्हातो. पारव्यायेवढा. अन् सायबाचा पक्षी कोंबड्यायेवढा हुता म्हनलात. मंग त्योच कसा?"

फ्रान्सात थंडी फार, तिथे पक्षी अंगाने भरतात, असं सांगितलं. तिने मान हलवली. पटलं असावं.

४ बहमन

तब्येत ठीक नाही. अन्न जात नाही. कारण हवा.

आज वर्गात मुलांना पाढे देऊन मी भाषणच लिहीत होतो. मधल्या भिंतीपलीकडून मौलवींचा आवाज येत होता. अलिफ, बे, पे. साद आलं की माझे कान गरम होतात. इतकी मुळाक्षरं आहेत, पण साद नेमकं ऐकू येतं.

खरं म्हणजे एक वाक्य घालून मोकळं होता येईल: आमचे मित्र मौलवी बदरोद्दीन यांचं मत असं की शब्द अरबी असावा. पण मग तकरीर कोणाची झाली? लोक म्हणतील, मग मौलवींनाच बोलवायचं होतं. ते वाक्य लिहिलं आणि खोडलं.

११ बहमन

परवा गढीवर जायचं. आज मन एका गोष्टीने कुरतडलं. मौलवी तिथे पुढेच बसणार. बोलता बोलता त्यांनी मध्येच "सक्र" म्हटलं तर?

शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या बीबी आतल्या पडद्यामागून सारख्या बोलत होत्या, आनंदात होत्या. साहेबजाद्यांसाठी नवी तख्ती, अक्षरं गिरवायची लाकडी पाटी, आणली होती, तिला हिरव्या साटिनचं आवरण त्यांनी स्वतः शिवलेलं. कडेला बारीक गोट. मौलवींनी ते मला हातात घेऊन बघायला लावलं. नवी शेरवानी खुंटीला होती. म्हणाले, "मास्टरसाब, माझ्या अब्बांनी याच जागीरदारांच्या वालिदचं बिस्मिल्ला केलतं. आता माझ्या हातून होणार. अल्लाची मेहेरबानी."

अशा वेळी विषय काढणं बरं नव्हतं. तरी काढला. म्हणालो, गढीवर मला खोडू नका.

ते म्हणाले, "मी कावून खोडू? तुमी आपले."

म्हणालो, तसं नव्हे, शब्द द्या.

ते म्हणाले, "अन् कुनी मलाच इचारलं तर?"

म्हणालो, कोण विचारतंय? विचारलंच तर माहीत नाही म्हणा.

हे पटकन बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या तख्तीकडे. म्हणाले, "ठीक है. जबान दिली."

आता डोक्यावरचं ओझं उतरलं. आज नक्की जेवण जाईल.

(गेलं नाही.)

१४ बहमन, गढीवर

लिहिण्याची इच्छा नाही. पण नियम तो नियम.

काल उन्हं उतरताना बैठक भरली. गालिचे, लोड, अत्तर. हैदराबादचे आठ-दहा पाहुणे. मधोमध जागीरदारसाहेबांचे मामू, पांढरी दाढी, विद्वान म्हणून मोठं नाव. मौलवी नव्या शेरवानीत त्यांच्या डाव्या हाताला. मान म्हणून त्यांना पुढे बसवलं होतं.

मी बोललो. आवाज चांगला लागला. वावटळीला लोक हसले. बुसेला जास्त हसले. म्हणजे पोचत होतं. शेवटी हात वर करून म्हणालो, "आणि म्हणून साक्रे म्हणजे शिकरा!"

मामूसाहेब हसत हसत म्हणाले, "वाह मास्टर. मगर भई, ये तो सीधा सीधा सक्र है. अरबी का लफ्ज. बच्चा भी बता देगा." आणि वळून मौलवींना विचारलं, "क्यों मौलवीसाब? सक्र ही है ना?"

मौलवींनी माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, आता ते सांगतील, आणि सांगितलं तर मी रागावणार नाही. खरंच रागावलो नसतो. पण तोंडाने तसं म्हणालो नाही.

मौलवी म्हणाले, "हुजूर, मुझे इल्म नहीं."

हसू थांबलं. मामूसाहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. मौलवींनी खाली पाहून पुन्हा तेच सांगितलं. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. हुजूर, यांनी मला महिन्यापूर्वीच सांगितलं. लहानसंच वाक्य. पाणी प्यावं म्हणून मी तांब्या घेतला, आणि पीतच राहिलो.

जागीरदारसाहेबांचा चेहरा लाल झाला. पाहुण्यांदेखत मान गेला. म्हणाले, "जिसको सक्र मालूम नहीं, वो मेरे बच्चे को क्या पढ़ाएगा?"

मला कोणी काही म्हटलं नाही. मामूसाहेब उलट म्हणाले, मास्टर बेचारा मराठी आदमी है, उसको क्या पता, मगर बोलता खूब है. मला जरीचा रुमाल मिळाला.

आज सकाळी बिस्मिल्ला झालं. मामूसाहेबांनी केलं. मौलवी शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसले होते. हिरव्या साटिनमधली तख्ती मांडीवर. ती कोणी मागितली नाही.

१५ बहमन

दोघे एकाच गाडीतून परत. दुसरी गाडी नव्हती.

मी झोपेचं सोंग घेतलं. रस्ता खडकाळ, सोंग टिकेना. डोळे उघडले तेव्हा मौलवी गाडीवान आश्रुबाशी बोलत होते. डावा बैल जरा लंगडतोय, खुरात खडा असेल, बघ म्हणाले. आश्रुबाने उतरून पाहिलं तर खरंच खडा होता.

माझ्याशीही बोलले. परळीच्या बाजूला यंदा ज्वारी चांगली आहे म्हणाले. मी हो म्हणालो. शब्द त्यांनी पाळला, हे मान्य करायला हवं. असे लोक कमी.

उतरताना तख्ती गाडीतच राहिली होती. मी हाक मारून दिली. एवढं तरी केलं.

१७ बहमन

मंजुळाबाईला तकरीर झाल्याचं सांगितलं, रुमाल दाखवला. तिने रुमाल हातात घेतला नाही. तिला बीबीकडून सगळं कळलेलं होतं, किंवा जेवढं बीबीला माहीत तेवढं. बीबीला वाटतंय, मौलवी घाबरून विसरले. रडत होत्या म्हणे, म्हाताऱ्याची अक्कल गेली म्हणून. मौलवींनी घरातसुद्धा खरं सांगितलेलं नाही.

मंजुळाबाई म्हणाली, "त्यांनी तुमाला सांगितलतं की. मला ठावं हाय. चुलीपाशी बसून तुमीच मला सांगितलं. मंग तितं कावून बोलला न्हाईत?"

मी पोझिशन समजावून सांगितली. भरल्या सभेत मध्येच बोलणं बरं दिसत नाही. शिवाय मौलवींनी शब्द दिला होता, तो त्यांना मोडायला लावणं म्हणजे त्यांचाच अपमान.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुमी पानी पित हुता म्हनं."

हे तिला कोणी सांगितलं कळत नाही. आश्रुबा असावा. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, बोलत नाही.

२० बहमन

निश्चय. गढीवर जाऊन जागीरदारसाहेबांना सगळं सांगणार. शब्दसुद्धा ठरवले: हुजूर, कसूर माझा, मौलवी निर्दोष. उद्याच निघतो.

२१ बहमन

आश्रुबाच्या बैलाचं खूर बरं नाही. दुसरी गाडी मिळाली असती, पण ओळखीचा गाडीवान असलेला बरा.

२४ बहमन

पायात काटा.

२६ बहमन

काटा निघाला. परंतु थेट भेटण्यापेक्षा आधी साहेबांचा मूड कसा आहे ते पाहणं शहाणपणाचं. चौकशी करतो.

३ इस्फंदार

हुकूम आला. मौलवी बदरोद्दीन यांची बदली युसूफ वडगावला. तिथे शाळा अशी नाही, मशिदीच्या पडवीत पाच-सात मुलं बसतात. नवीन उस्ताद येईपर्यंत उर्दूचे वर्गही मीच घ्यायचे.

हुकूम मौलवींनीच मला वाचून दाखवला, कारण उर्दूत होता. माझं नाव आलं तिथे त्यांनी वर बघून "मुबारक हो" म्हटलं. चेष्टेने नाही. चेष्टेने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आता मात्र गढीवर गेलंच पाहिजे. उद्या.

४ इस्फंदार

जागीरदारसाहेब हैदराबादला गेलेत, आषाढापर्यंत येणार नाहीत असं कळलं. माझा नाइलाज झाला. सुटलो असं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो कारण ही रोजनिशी कोणी वाचणार नाही.

८ इस्फंदार

मौलवी आज निघाले. सामान एकाच गाडीत मावलं. अर्धं गाव जमलं होतं. पाटील होता, राधाकिशन होता. मंजुळाबाई आणि बीबी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मंजुळाबाईने शिदोरी दिली.

हे सगळं मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. मला जायचं होतं, पण नकाशे फार दिवस झटकले नव्हते. नेमकी आजच आठवण झाली.

गाडी शाळेसमोर थांबली. मौलवी खाली उतरून दारापर्यंत आले. "मास्टरसाब हायेत का?" म्हणून विचारलं. मी हिंदुस्थानच्या मोठ्या नकाशामागे उभा होतो. ते थोडे थांबले, मग म्हणाले, "असू द्या. काम करत असतील." आणि गेले.

नकाशाच्या खालून माझे पाय दिसत असणार, हे नंतर लक्षात आलं.

१२ इस्फंदार

उर्दूचा वर्ग. अलिफ येतो. बे येतो. पुढे मुलांनाच म्हणायला लावतो आणि मी मान हलवतो. एका पोराने विचारलं, साद आणि सीन यात फरक काय? बाहेर पाठवला.

फ्रेंच बंद आहे. डिक्शनरी वर ठेवली. तंबाखूचं काही लिहीत नाही.

२२ इस्फंदार

मंजुळाबाई आज बोलली. महिन्याहून जास्त दिवसांनी आवाज ऐकला, बरं वाटलं. म्हणाली, "सायब न्हाई तर न्हाई. मौलवीसाब तर हायेत. वडगाव काय काबूल न्हाई. जावा, पाया पडा, माफी मागा. अन् तितल्या लोकान्ला सांगा, की हे शाहाने हायेत, येडा मी हाय."

शेवटचे शब्द जास्त कडक होते. पण विचार योग्य आहे. मुळात माझ्याही मनात तेच होतं, तिने फक्त बोलून दाखवलं.

शुक्रवारच्या सुटीला जोडून निघतो. या वेळी नक्की. आश्रुबाला सांगितलं, महत्त्वाचं काम आहे.

२ फरवर्दी, मोमिनाबाद, मुक्काम

काल दुपारी निघालो, आज इथे धर्मशाळेत. थंडी उतरलीय. वाटेत शब्द पक्के केले. प्रथम मौलवींची माफी, एकट्यात. नंतर चार लोक जमवायचे आणि स्वच्छ सांगायचं: या माणसाला सगळं ठाऊक होतं. माझ्या भल्यासाठी गप्प बसला. मी त्याच्या पानातलं खाल्लं.

आश्रुबाला म्हणून दाखवलं. तो चिलीम ओढत होता. म्हणाला, "लई झ्याक. हेच बोला. बदलू नका."

फार हलकं वाटतंय. इतक्या दिवसांत असं वाटलं नव्हतं. उगाचच लांबवलं.

३ फरवर्दी, युसूफ वडगाव, नंतर परतीची वाट

सकाळी पोचलो. गावात शिरताना एकाला मौलवींचं घर विचारलं. तो म्हणाला, "कोन, सक्र मौलवी? ज्याला सक्र म्हाईत न्हाई त्यो?" आणि हसून बोट दाखवलं. गढीवरच्या नोकरांनी ते नाव त्यांच्या आधीच इथे पोचवलेलं. लोक दुष्टपणाने म्हणत नाहीत, नुसतं नाव म्हणून म्हणतात. लंगडा किंवा काणा म्हणावं तसं.

मौलवी मशिदीच्या पडवीत होते. मला पाहून धावत आले आणि मिठीच मारली. वाळले आहेत. दाढीत पांढरं जास्त दिसलं. घरात नेलं. बीबींनी पडद्यामागून मंजुळाबाईची चौकशी केली, तिच्या गुडघ्याची, तिच्या शेवग्याची. माझी केली नाही. पण ताटं दोन पाठवली, एक आश्रुबाला, एक मला. माझ्या ताटात तूप होतं.

जेवण झाल्यावर मी सुरुवात केली. "मौलवीसाहेब, त्या दिवशी गढीवर..." ते म्हणाले, "पानी घ्या." पाणी घेतलं. पुन्हा म्हणालो, "माझ्याकडून फार..." ते म्हणाले, "हितलं पानी गोड हाय, न्हाई? धर्मापुरीत एवढं गोड नव्हतं." दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा मी हट्टाने तोंड उघडलं तेवढ्यात बाहेर खाकरण्याचा आवाज आला.

गावचा पाटील हरिबा. सोबत सात-आठ माणसं. पाहुणा आला की बघायला येतात तसे. ओट्यावर बसले. हरिबाने विचारलं, "मौलवी, हे कोन?"

मौलवी म्हणाले, "माझे दोस्त. धर्मापुरीचे मास्तर. लई मोठा माणूस. यान्ला फ्रेंच येतं."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. खरंच अभिमानाने सांगत होते.

हीच वेळ होती. लोक आपणहून जमलेले. वाक्यं पाठ होती. मी उठून उभासुद्धा राहिलो. आश्रुबा दारातून माझ्याकडे बघत होता, मान हलवत होता, बोला म्हणून.

हरिबा म्हणाला, "आरं बाबौ. फ्रेंच! मंग सांगा की, बैलाला काय म्हंत्यात?"

एवढं सांगून मग मूळ मुद्द्याकडे वळावं, असं ठरवलं. म्हणालो, "बोएउफ."

ओटा हसून हसून हलला. "बोएउफ! आरं, त्यो तर पाडाच हंबरला!" मग गाढव. म्हणालो, "आने." त्यावर हसू. मग कोंबडी, मग विळा, मग सासू. लोक वाढत गेले. बाया दाराआडून ऐकत होत्या. इतकं ध्यान देऊन मला गढीवरही कोणी ऐकलं नव्हतं. मौलवीही हसत होते, पोट धरून. त्यांना हसताना पाहून मला वाटलं, म्हणजे तसं काही फार झालेलं नाही.

सावल्या लांबल्या. हरिबाने विचारलं, "अन् म्हशीला?"

म्हैस मला माहीत नव्हती. डिक्शनरीत पाहिलीच नव्हती. माहीत नाही म्हणायला काय लागतं. सगळे तोंडाकडे बघत होते.

म्हणालो, "म्हाइसीऊ."

या वेळी कोणी हसलं नाही. हरिबाने डोळे बारीक केले. मौलवींकडे वळून म्हणाला, "काय हो सक्र मौलवी, खरं हाय का हे? का मास्तर मनानंच सांगायलेत?"

मौलवींनी माझ्याकडे पाहिलं.

मग म्हणाले, "मास्टरसाब बोलले तर खरंच असंल. मला काय इल्म?"

सगळ्यांना पटलं.

गाडी जोडली. मौलवी वेशीपर्यंत चालत आले. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांना वाटलं माझी वहाण निसटली. त्यांनीच ती सरळ करून दिली.

आता मोमिनाबादची वाट. आश्रुबाने विचारलं, "झालं का मास्तर, महत्त्वाचं काम?"

झालं म्हणालो.

त्याने बैलांना चाबूक मारला. एरवी तो मारत नाही.